प्लाझ्मा स्प्रे हायड्रॉक्सीअपेटाइट: पोपडा नेमका कुठून सुटतो?

आडवाछेद (धागाकर्ता)

विषय: हाडात बसवायच्या इम्प्लांटसाठी टायटेनियम ६-४ वर (६ टक्के अॅल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियमचा मिश्रधातू) प्लाझ्मा स्प्रेने, म्हणजे पावडर तप्त वायूच्या ज्योतीत वितळवून फवारून, दिलेला हायड्रॉक्सीअपेटाइटचा (हाडातल्या खनिजासारखं कॅल्शियम फॉस्फेट, पुढे एचए) लेप.

नमुने: २५.४ मिमी व्यासाच्या, ३ मिमी जाडीच्या चकत्या. लेपाची जाडी सुमारे १८० मायक्रॉन. पावडर ठेचून चाळलेली, कण २० ते १५० मायक्रॉन. ब्लास्टिंग (धातू खरखरीत करायला कणांचा, म्हणजे ग्रिटचा, मारा) अॅल्युमिनाने, आर-ए (सरासरी खडबडीतपणा) ४ मायक्रॉनच्या आसपास.

लक्षणं अशी: एसबीएफमध्ये (शरीरद्रवासारखं क्षारांचं द्रावण) ७ दिवस ठेवल्यावर एसईएमखाली (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) फुलकोबीसारखा अपेटाइट छान दिसतो. पण ओढ-चाचणीत (लेपाला गोंदाने जोड चिकटवून सुटेपर्यंत ओढणं) काही नमुने १५ मेगापास्कलच्या खालीच सुटतात आणि काहींच्या कडेला हाताळतानाच टवके उडतात. एक्सआरडीत (क्षकिरणांनी स्फटिक ओळखायची चाचणी) ३०.७ आणि ३७.४ अंशांवर जादा शिखरं आहेत (तांब्याचं के-अल्फा).

प्रश्न तीन. जाडी कमी करावी का? जादा शिखरं किती मनावर घ्यायची? आणि एसबीएफचा निकाल चांगला असताना लेप वाईट कसा?

---

भट्टीवाला

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण घोळ तिथेच आहे. एसबीएफ फक्त लेपाचा वरचा पृष्ठभाग पाहतं. लेप सुटतो तो तळाशी. वरच्या फुलकोबीला खालच्या सांध्याची काही खबर नसते.

आता जाडी. एचएचा औष्णिक प्रसरणांक साधारण १३ ते १५ आणि टायटेनियम ६-४ चा साधारण ९ (दोन्ही दर अंशाला दशलक्षांश). स्प्रेनंतर गार होताना लेपाला जास्त आकसायचं असतं, धातू आकसू देत नाही, म्हणून लेप कायमचा ताणात राहतो. त्यात पावडरीचा प्रत्येक वितळलेला थेंब आपटून गोठताना स्वतःही आकसतो, तो ताण वेगळा. लेपात साठलेली ही ऊर्जा जाडीच्या प्रमाणात वाढते. तोच ताण, दुप्पट जाडी, म्हणजे पोपडा सोलायला दुप्पट ऊर्जा तयार. १८० मायक्रॉनवर तुम्ही लेपाला स्वतःच सुटायला मदत करताय. ५० ते ७५ मायक्रॉनवर या. फार पातळ केला तर थेंब सगळीकडे पोचत नाहीत आणि धातूचे उघडे ठिपके राहतात, म्हणून ५० च्या खाली प्लाझ्मा स्प्रेने जाऊ नका.

स्प्रे चालू असताना चकतीच्या मागून किंवा बाजूने हवेचा झोत हवा. बंदूक एका जागी रेंगाळू देऊ नका. एका फेरीत जाड थर मारण्यापेक्षा पातळ पातळ फेऱ्या मारा, मध्ये नमुना गार होऊ द्या.

---

कणमोजणी

पावडरीबद्दल कुणीच बोललं नाही? २० ते १५० मायक्रॉन म्हणजे एकाच भांड्यात भात आणि साबुदाणा शिजवणं. ज्योतीचा गाभा १०,००० केल्व्हिनच्या वर असतो आणि कण त्यात मिलिसेकंदाच्या आसपासच राहतो. तेवढ्यात २० मायक्रॉनचा कण पूर्ण वितळून, उकळून, विघटित होतो. १५० मायक्रॉनच्या कणाची फक्त साल वितळते, आतला गाभा तसाच. पहिला जादा शिखरं देतो, दुसरा नीट पसरत नाही आणि त्याच्याखाली पोकळी राहते. तुमची दोन्ही लक्षणं एकाच पिशवीतून आलीयेत.

चाळणी लावून मधला पट्टा घ्या, उदाहरणार्थ ४५ ते ९० मायक्रॉन. शक्य असेल तर ठेचलेल्या पावडरीऐवजी स्प्रे-ड्राय करून भाजलेली गोल दाण्यांची घ्या. ठेचलेले कोनाकोनाचे दाणे फीडरच्या नळीत अडकतात आणि पुरवठा हिसक्याहिसक्याने होतो. हिसक्याने पुरवठा म्हणजे जाडीत लाटा.

आणि पावडरीचं प्रमाणपत्र वाचा. कॅल्शियम-फॉस्फरस अणुगुणोत्तर १.६७ हवं. जड धातूंच्या मर्यादा: आर्सेनिक ३, कॅडमियम ५, पारा ५, शिसं ३० पीपीएम, एकूण ५० पीपीएम. आडात नसेल तर पोहऱ्यात येणार नाही, आणि आडात शिसं असेल तर ते पोहऱ्यात नक्की येईल.

---

क्षकिरण

शिखरांबद्दल. एचएची तिळी (तीन शिखरांचा गट) ३१.८, ३२.२ आणि ३२.९ अंशांवर येते. बाकीच्यांची ओळख अशी:

२९.२ आणि २९.८ च्या आसपास: टेट्राकॅल्शियम फॉस्फेट.
३०.७: अल्फा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट.
३१.० च्या आसपास: बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट.
३७.४: कॅल्शियम ऑक्साइड, म्हणजे कळीचा चुना.
तिळीच्या पायथ्याशी रुंद, बसकी टेकडी: अमॉर्फस, म्हणजे स्फटिक न झालेला भाग.

तुमचं ३०.७ मी एक वेळ चालवून घेईन. ३७.४ अजिबात नाही. चुना ओलावा मिळताच विरी जातो, आकारमान जवळपास दुप्पट होतं आणि आजूबाजूचा पीएच चढतो. लेपाच्या पोटात फुगणारे दाणे ठेवल्यासारखं आहे ते. कडेचे टवके हाताळताना उडतात म्हणालात, त्यातले काही हवेतल्या दमटपणाने आधीच सैल झालेले असू शकतात.

चुना येतो कसा? तापवताना एचए आधी हायड्रॉक्सिल गमावतं (८०० ते ९०० अंशांपासून), मग आणखी वर टेट्रा आणि अल्फा ट्राय अशा फॉस्फेटांत फुटतं. अति तापलेला थेंब फॉस्फरस हवेत सोडतो, मागे कॅल्शियमच जास्त उरतं, त्याचा चुना होतो. म्हणजे ३७.४ ही अति उष्णतेची सही आहे. शक्ती कमी करा, ज्योतीच्या वायूतलं हायड्रोजनचं प्रमाण उतरवा, बारीक कण काढून टाका. या क्रमाने नव्हे, उलट क्रमाने. बारीक कण काढणं सगळ्यात स्वस्त.

एक सूचना: एक्सआरडी लेपावरच घ्या, खरवडलेल्या भुकटीवरही घ्या. धातूला चिकटलेला पहिला थर झटक्यात गोठतो, म्हणून अमॉर्फस भाग तळाशी जास्त असतो. वरून घेतलेल्या आलेखात तो पुरेसा दिसत नाही.

---

आडवाछेद

स्फटिकपणा वाढवायला ६५० अंशांना निर्वातात तापवायचा विचार होता. कारण हवेत टायटेनियम काळं-निळं पडतं.

---

क्षकिरण

निर्वातात नका. अमॉर्फस भागात हायड्रॉक्सिल आधीच कमी आहे. निर्वातात तापवलंत तर स्फटिक होतील, पण ऑक्सीअपेटाइटचे, एचएचे नव्हे. आयआर (अवरक्त वर्णपट) घ्या: ३५७२ आणि ६३० सेंटिमीटर उलटांक या दोन पट्ट्या हायड्रॉक्सिलच्या. त्या बसक्या असतील तर एक्सआरडी कितीही सुंदर असू दे, काम अर्धवट झालं.

पाण्याची वाफ द्या. वाफेत अमॉर्फस भाग खूप कमी तापमानालाच स्फटिक होऊ लागतो, अगदी १२५ अंशांच्या दाबाखालच्या वाफेतसुद्धा. धातूही शाबूत राहतो.

---

भट्टीवाला

यातून एक गोष्ट निघते, जी नेहमी सुटते. १२५ अंशांची वाफ म्हणजे जवळजवळ ऑटोक्लेव्हच (दाबाच्या वाफेचं निर्जंतुकीकरण यंत्र) की. म्हणजे तुम्ही लेप मोजलात, अहवाल लिहिलात, आणि मग निर्जंतुकीकरणाला ऑटोक्लेव्हमध्ये टाकलात, तर रुग्णाच्या हाडात जाणारा लेप अहवालातला नाहीच. एचए-लेपित भागांना म्हणून गॅमा बरा, नेहमीचा डोस २५ किलोग्रे. इथिलीन ऑक्साइड वापरत असाल तर वायू लेपाच्या छिद्रांत अडकून राहतो, वायुवीजनाला पुरेसा वेळ द्या. पद्धत कोणतीही असो, चाचण्या निर्जंतुकीकरणानंतरच्या नमुन्यांवर करा.

---

ग्रिटखाना

ब्लास्टिंगचं कुणी विचारत नाही, सगळ्यांना प्लाझ्माचा प्रकाश बघायचा असतो. प्लाझ्मा स्प्रेचा एचए टायटेनियमला मुख्यतः खाचांमध्ये अडकून धरतो, रासायनिक बंध नावापुरता. तेव्हा खाचा हाच बंध समजा.

१. आधी धुणं, मग ब्लास्टिंग. तेल असताना ब्लास्ट केलंत तर ग्रिट ते तेल धातूत ठोकून बसवतं. अल्कली डिटर्जंट, पाणी, मग इथेनॉल किंवा अॅसिटोनमध्ये अल्ट्रासॉनिक.

२. ग्रिट ताजं हवं. अनेकदा वापरलेल्या दाण्यांच्या कडा बोथट होतात. बोथट ग्रिट पृष्ठभाग ठोकतं, कापत नाही. आर-ए मीटरवर ४ च येतं, पण खाचा गोलसर, थेंबाला पकड नाही. आर-ए हा एकच आकडा, तो टेकड्यांची उंची सांगतो, उतार सांगत नाही. आडवा छेद घेऊन बघा.

३. नोझल काटकोनात धरू नका, थोडं तिरकं ठेवा. काटकोनात दाणे सरळ आत घुसून रुततात.

४. नंतर हवेचा झोत आणि पुन्हा अल्ट्रासॉनिक. तरीही रुतलेला अॅल्युमिना राहतोच. एसईएमच्या मागे-विखुरलेल्या इलेक्ट्रॉनच्या चित्रात टायटेनियम उजळ, अॅल्युमिना काळपट दिसतो. काळे डाग मोजा. रुतलेल्या दाण्यावर बसलेला लेप त्या दाण्याला धरतो, धातूला नाही, आणि तो दाणा पुढे सांध्याच्या पृष्ठभागात गेला तर घासकागदाचं काम करतो.

५. ब्लास्ट ते स्प्रे यात तास-दोन तासांपेक्षा जास्त वेळ जाऊ देऊ नका. मधल्या वेळात उघड्या बोटांनी शिवू नका. बोटाचा ठसा लेपाखाली तसाच्या तसा उमटतो आणि पोपडा त्याच आकारात सुटतो.

---

ओढाताण

ओढ-चाचणीचे आकडे मी लगेच मान्य करत नाही. कोणत्या गोंदाने, कसे?

एएसटीएम एफ ११४७ (ओढ-चाचणीचं मानक) ची पद्धत: २५.४ मिमी व्यास, म्हणजे क्षेत्रफळ सुमारे ५०७ चौरस मिमी. १५ मेगापास्कल म्हणजे जवळपास ७.६ किलोन्यूटन. वेग मिनिटाला २.५ मिमी. किमान ५ नमुने, आणि सोबत फक्त गोंदाने जोडलेली लेपाविना जोडी. तिचा आकडा लेपाच्या आकड्याच्या बराच वर आला नाही तर ती संपूर्ण फेरी रद्द.

गोंद फिल्मचा घ्या, पातळ इपॉक्सी नको. पातळ गोंद लेपाच्या छिद्रांतून झिरपत थेट धातूपर्यंत पोचतो. मग तुम्ही लेप ओढत नसता, गोंद ओढत असता, आणि आकडा फुगतो. लेप जितका वाईट आणि सच्छिद्र, तितका आकडा चांगला. हा विनोद बऱ्याच अहवालांत छापला गेलेला आहे.

उलट चूक: मध्य जुळला नाही. जोड १ मिमीने सरकली तर एका कडेचा ताण सरासरीपेक्षा ३० टक्क्यांहून जास्त होतो (१ + ८ × १ ÷ २५.४, करून बघा). लेप त्या कडेपासून उकलत जातो आणि आकडा विनाकारण पडतो. व्ही-खाचेचा जुळवणी-साचा वापरा आणि यंत्रात दोन्ही टोकांना वळणारे सांधे लावा.

आणि कृपया तुटलेला पृष्ठभाग बघा. भिंगातून १० पट पुरे. दोन्ही अर्धे शेजारी ठेवा. धातूची बाजू राखाडी, चमचमती, खाचा स्वच्छ दिसतायत: तळाशी सुटला, दोष ब्लास्टिंगचा किंवा ताणाचा. दोन्ही बाजू पांढऱ्या, खडूसारख्या: लेप स्वतःच्या पोटात फाटला, दोष न वितळलेल्या कणांचा किंवा फेऱ्यांमधल्या थरांचा. एका बाजूला पिवळसर गोंद आणि दुसरीकडे लेप अखंड: गोंद हरला, लेपाची ताकद याहून जास्त, किती ते कळलं नाही. नुसता आकडा लिहून हे तिन्ही एकाच रकान्यात टाकणं म्हणजे तीन रोग्यांचा सरासरी ताप काढणं.

---

आडवाछेद

भिंगाखाली पाहिलं. कमी आकड्याचे नमुने धातूच्या बाजूला मधोमध पांढरे आणि कडेला राखाडी आहेत. जास्त आकड्याचे पूर्ण पांढरे.

---

ओढाताण

म्हणजे दोन दोष एकात एक. कडेपासून तळाची फट सुरू झाली, मध्यावर पोचताना लेपाच्या पोटात शिरली. कडेला लेप जाड असतो का बघा. चकतीच्या धारेवर स्प्रे साचतो. धारेला ०.५ मिमीची गोलाई द्या किंवा मास्क लावा. खऱ्या इम्प्लांटवरही हाच नियम: लेपाची हद्द तीक्ष्ण कडेवर संपवू नका, हद्दीजवळ जाडी उतरती ठेवा. स्क्रूच्या आट्यांत तर तळ भरून जातो आणि माथे उघडे पडतात.

---

दुधाळ

आता एसबीएफ. द्रावण नीट केलंय का हा प्रश्न आधी. कोकुबो-ताकादामा (२००६) कृती, १ लिटरसाठी. प्लास्टिकच्या भांड्यात ७०० मिली शुद्ध पाणी, ३६.५ अंश, ढवळत राहून याच क्रमाने, आधीचं पूर्ण विरघळल्यावरच पुढचं:

सोडियम क्लोराइड ८.०३५ ग्रॅम
सोडियम बायकार्बोनेट ०.३५५
पोटॅशियम क्लोराइड ०.२२५
डायपोटॅशियम हायड्रोजन फॉस्फेट (तीन पाण्याचं) ०.२३१
मॅग्नेशियम क्लोराइड (सहा पाण्याचं) ०.३११
१ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल ३९ मिली
कॅल्शियम क्लोराइड (निर्जल) ०.२९२
सोडियम सल्फेट ०.०७२
ट्रिस ६.११८
शेवटी १ मोलर आम्ल ० ते ५ मिली, पीएच जुळवायला

आम्ल कॅल्शियमच्या आधी येतं हे लक्षात घ्या. उलट केलंत तर फॉस्फेट आणि कॅल्शियम तिथेच भेटतात.

ट्रिस (पीएच सांभाळणारा बफर) घालण्यापूर्वी पाणी ९०० मिलीपर्यंत वाढवा. ट्रिस चिमूट चिमूट घाला. एकदम ओतलंत तर पडल्या जागी पीएच उसळतो, चमच्याभोवती पांढरा धूर उठल्यासारखा दिसतो, क्षणभराने नाहीसा होतो आणि तुम्हाला वाटतं विरघळला. नाही, बिया पेरल्या गेल्या. ते द्रावण दुसऱ्या दिवशी कशावरही अपेटाइट बसवील, नमुन्यावर आणि भांड्याच्या तळावरही. पीएच ७.४५ च्या वर जाऊ द्यायचा नाही. तिथे पोचला की आम्लाचे थेंब टाकून ७.४२ ला आणा, पुन्हा ट्रिस, असं संपेपर्यंत. शेवटी ३६.५ अंशांवर ७.४०.

पीएच गरम असतानाच मोजा. ट्रिसचा पीएच दर अंशाला सुमारे ०.०२८ ने उतरतो. २५ अंशांवर ७.४० जुळवलात तर ३६.५ वर तो ७.१ च्या आसपास असतो आणि मग "लेप बायोअॅक्टिव्ह (हाडाशी जुळणारा) नाही" असा शेरा निघतो. बिचारा लेप.

निर्जल कॅल्शियम क्लोराइड डबी उघडताच ओलावा ओढतं. १२० अंशांना १२ तास सुकवून घ्या. काचेची भांडी नको, ओरखड्यांवर बिया बसतात. ५ ते १० अंशांना ठेवा, ३० दिवसांत वापरा.

किती घ्यायचं? घट्ट नमुन्याचं पूर्ण क्षेत्रफळ चौरस मिमीत, भागिले १०, तेवढे मिली. तुमच्या चकतीचं दोन्ही बाजू आणि कड धरून साधारण १,२५३ चौरस मिमी, म्हणजे १२५ मिली. लेप सच्छिद्र असेल तर त्याहून जास्त. ५० मिलीच्या नळीत कोंबून ठेवलेली असेल तर कॅल्शियम मध्येच संपतं. चकती तिरकी टेकवा, तपासायची बाजू खाली. वरच्या बाजूवर द्रावणातला गाळ बसतो आणि तोही फुलकोबीसारखाच दिसतो.

---

हाडाचीबाजू

कृती उत्तम, पण अर्थ काय काढायचा? बोनर आणि लेमैत्र यांनी २००९ मध्ये याच चाचणीवर बोट ठेवलं. बीटा ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हाडाला धरतं, तरी एसबीएफमध्ये त्यावर अपेटाइट बसताना दिसत नाही. शिवाय रक्तद्रवात बायकार्बोनेट २७ मिलिमोलर असतं, या द्रावणात ४.२, आणि प्रथिनं तर नाहीतच. एसबीएफ ही एकाच तऱ्हेने बनवलेल्या दोन नमुन्यांची तुलना करायला ठीक. "हाड धरेल" असं प्रमाणपत्र ती देत नाही.

माझा मुद्दा मात्र दुसराच आहे. इथे सगळे धरून चाललेत की लेप जास्तीत जास्त स्फटिकी आणि कायमचा हवा. पूर्ण स्फटिकी एचए हळू विरघळतो, टिकतो, पण सुरुवातीला हाडाला कॅल्शियम-फॉस्फेटही कमीच पुरवतो. अमॉर्फस भाग लगेच विरघळतो, हाडाला बोलावतो, पण स्वतःच्या पायाखालची जमीन खातो. आयएसओ १३७७९-२ (एचए लेपांचं आंतरराष्ट्रीय मानक) किमान ४५ टक्के स्फटिकपणा आणि सरासरी १५ मेगापास्कल बंध मागतं. ती किमान रेषा आहे, ध्येय नव्हे.

१९८५-८६ पासून, फर्लाँग आणि गीसिंक या शल्यचिकित्सकांच्या कामापासून, एचए-लेपित खुब्याचे दांडे माणसांत बसवले जातायत आणि त्यांचा अनुभव चांगला. त्याच काळातल्या गुळगुळीत धातूवर एचए दिलेल्या दाबून बसवायच्या वाट्या मात्र सैल झाल्या. कारण सरळ आहे: लेप काही वर्षांत झिजून-विरघळून गेला आणि खाली हाडाला धरायला काही नव्हतंच. खरखरीत किंवा सच्छिद्र धातूवर दिलेल्या लेपाखाली हाड तोवर खाचांत शिरलेलं असतं.

म्हणून विचार असा करा की एचए पूर्णपणे नाहीसा झाला आहे. मागे उरलेला धातू एकट्याने हाडाला धरेल का? उत्तर "नाही" असेल तर जाडी आणि शिखरांवर वेळ घालवू नका, आधी धातूचा पृष्ठभाग बदला.

---

भट्टीवाला

थोडी असहमती. "लेप जाणारच" असं धरलं तर लोक विघटित, चुनामिश्रित लेपही खपवतात. तो हळूहळू विरघळत नाही, टवक्यांनी जातो. टवका सांध्यात घुसला की प्लास्टिकची वाटी घासतो. विरघळणं आणि सुटणं यांत फरक आहे. बाकी शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत.

---

हाडाचीबाजू

तो फरक मान्य. टवक्याची वकिली मीही करत नाही.

---

पातळथर

मग लेपच नको, धातूचाच पृष्ठभाग बदला. कोकुबोंच्या गटाची अल्कली-उष्णता पद्धत:

५ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड, ६० अंश, २४ तास. शुद्ध पाण्याने हलक्या हाताने धुणं. ४० अंशांना २४ तास सुकवणं. मग मिनिटाला ५ अंशांनी चढवून ६०० अंशांना १ तास, भट्टीतच गार. १ मायक्रॉनच्या आसपास सोडियम टायटॅनेटचा जाळीदार थर मिळतो. तो धातूतून उगवलेला असतो आणि रचना हळूहळू बदलत जाते, म्हणून सुटायला स्पष्ट सीमाच नाही. शरीरद्रवात सोडियम बाहेर पडतो, पृष्ठभागावर टायटेनियमचे हायड्रॉक्सिल गट तयार होतात, आधी कॅल्शियम आणि मग फॉस्फेट येऊन बसतं.

कुठे बिघडतं: (अ) काचेचं भांडं. अल्कली काच खाते, सिलिका द्रावणात येते. पीटीएफई किंवा पॉलिप्रॉपिलीन वापरा. (आ) सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये कॅल्शियमची अशुद्धी. कॅल्शियम सोडियमच्या जागा बळकावतो, नंतर बाहेर पडत नाही आणि अपेटाइट बसायचा मंदावतो. नळाच्या पाण्याने धुणं याच कारणासाठी बाद. (इ) उष्णतेची पायरी गाळणं. न भाजलेला थर ओला जेल असतो, नखाने निघतो. (ई) दमट कपाटात ठेवणं. ओलाव्याने सोडियम आधीच निसटतो.

जाड, रंध्रयुक्त ऑक्साइड हवा असेल तर सूक्ष्म-ठिणगी ऑक्सिडेशन: कॅल्शियम अॅसिटेट ०.१५ मोलर, सोडियम बीटा-ग्लिसरोफॉस्फेट ०.०२ ते ०.०६ मोलर, ३०० ते ४०० व्होल्ट. साधं फॉस्फेट का नाही? कारण ते अॅसिटेटच्या कॅल्शियमशी टाकीतच गाळ करतं. ग्लिसरोफॉस्फेटमध्ये फॉस्फरस सेंद्रिय साखळीला बांधलेला, ठिणगीत मोकळा होतो. द्रावण सतत गार ठेवा. तापलं की ठिणग्या एकाच जागी ठाण मांडतात आणि तिथे खड्डा जळतो.

---

नवशिका_वेल्डर

वाचनखूण साठवली. विद्युत-निक्षेपणाने एचए देता येत नाही का? प्लाझ्माची बंदूक सगळ्यांकडे नसते. आणि ३१६ एल स्टीलवर?

---

पातळथर

येतं. कॅल्शियम नायट्रेट ०.०४२ मोलर, अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.०२५ मोलर, पीएच ४ च्या थोडा वर, नमुना कॅथोडवर. पाणी फुटून पृष्ठभागाजवळ हायड्रॉक्सिल तयार होतात, तेवढ्याच भागात पीएच चढतो आणि फॉस्फेट तिथेच बसतं. पहिल्यांदा बहुधा ब्रशाइट (वेगळं एक कॅल्शियम फॉस्फेट) येतं, सपाट पात्यांसारखे स्फटिक. मग ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये ६० ते ८० अंशांना ठेवून त्याचं एचए करायचं. दृष्टिरेषेची गरज नसल्याने जाळीदार, सच्छिद्र भागांच्या आतही पोचतं. प्लाझ्मा तिथे हतबल.

अडचण हायड्रोजनच्या बुडबुड्यांची. प्रत्येक बुडबुडा एक छिद्र सोडून जातो. प्रवाह स्पंदांनी द्या, मधल्या विश्रांतीत बुडबुडे निघून जातात. प्रवाह वाढवून घाई केली तर लेप फुसफुशीत होतो, कापसाने पुसला जातो. टायटेनियम कॅथोडवर हायड्रोजन शोषतं हेही विसरू नका.

इलेक्ट्रोफोरेसिस (इथेनॉलमधल्या एचएच्या कणांचं) वेगळं. ते नुसती पावडर चिकटवतं, पुढे भाजावं लागतं. एचए नीट घट्ट व्हायला १,००० अंशांच्या वर जावं लागतं आणि ६-४ ची बीटा-सीमा (जिथे धातूची स्फटिकरचना पूर्ण बदलते) सुमारे ९९५ अंश. सीमा ओलांडलीत तर दाणे वाढून दमणुकीची ताकद घसरते. शिवाय टायटेनियमच्या सान्निध्यात एचए नेहमीपेक्षा कमी तापमानाला फुटतो. म्हणून ८००-८५० ला थांबतात, लेप अर्धा कच्चा राहतो.

---

काचकाम

३१६ एल चा प्रसरणांक १६-१७, एचएपेक्षा जास्त. म्हणजे तिथे लेप ताणात नाही, दाबात जातो. फटी कमी, पण जाड लेप बाहेर फुगून सुटू शकतो. स्टील आणि कोबाल्ट-क्रोमवर आधी टायटेनियमचा खरखरीत थर आणि त्यावर एचए हा चांगला मार्ग.

याच गणितामुळे हेन्चची ४५एस५ काच (१९६९, वजनाने सिलिका ४५, सोडियम ऑक्साइड २४.५, कॅल्शियम ऑक्साइड २४.५, फॉस्फरस पेंटॉक्साइड ६ टक्के) टायटेनियमवर थेट देता येत नाही. तिचा प्रसरणांक १५ च्या आसपास, गार होताना जाळीदार तडे. सिलिका वाढवली की प्रसरणांक जुळतो, पण ६० टक्क्यांच्या आसपास बायोअॅक्टिव्हपणा जातो. सोडियम-कॅल्शियमचा काही भाग पोटॅशियम-मॅग्नेशियमने बदलून मधली वाट काढतात. भाजताना वेळ मिनिटांत ठेवा: जास्त झाला तर काच टायटेनियमशी भिडून सिलिसाइड करते आणि बुडबुड्यांनी थर फेसाळतो, कमी झाला तर काच धातूवर नीट पसरतच नाही.

---

आडवाछेद

सगळ्यांचे आभार. पुढच्या फेरीत: ४५-९० मायक्रॉनची गोल पावडर, ताजं ग्रिट, धारेला गोलाई, जाडी ६०-७० मायक्रॉन, हायड्रोजन उतरवलेला. उष्णोपचार आत्ता नाही, आधी ३७.४ जातंय का पाहतो. ओढ-चाचणी गॅमानंतर.

---

ओढाताण

एक भर. प्रत्येक खेपेत खऱ्या भागांसोबत त्याच फिरत्या चौकटीवर, त्याच अंतरावर साक्षी-चकत्या लावा: ५ ओढ-चाचणीला, १ आडव्या छेदाला, १ खरवडून एक्सआरडीला. वेगळ्या दिवशी वेगळ्या चौकटीवर मारलेल्या चकत्या त्या दिवसाबद्दल सांगतात, तुमच्या भागांबद्दल नाही.

---

ग्रिटखाना

आणि आडवा छेद कापताना चकती आधी इपॉक्सीत बसवा, करवत लेपाकडून धातूकडे जाऊ द्या. उलट कापलंत तर पातं बाहेर पडताना लेप ओढून नेतं आणि तळाची फट तुम्हीच पाडता. मग आम्ही परत इथे ब्लास्टिंगला शिव्या घालत बसतो.